शहरकाकांचा उपास

एका गावात एक आत्या होती. आत्या काय, गावोगाव असतात, पण हिच्या जिभेला धार होती. पाटलापासून तेल्यापर्यंत सगळे तिला वचकून असत. भाऊ-भावजय साथीत गेले, तेव्हा त्यांची तान्ही पोर हिने पदराखाली घेतली आणि वाढवली. पोरगी मोठी झाली, चांगल्या घरची सोयरीक जुळली. तेव्हा सगळ्या गावाने आत्याला एकच गोष्ट बजावली, "बाई गं, लग्न लागेपर्यंत तेवढं तोंड आवर!"

आत्याने पोरीच्या गळ्याची शपथ घेतली, "आवरेन."

मग दोन्ही घरची माणसं बस्ता बांधायला शहरात निघाली. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडं, दोन्हीकडच्यांनी मिळून, एकाच वेळी घ्यायची. त्यातही त्या गावची एक वेगळी रीत होती. नवरीचा शालू तिच्या आत्याने दुकानाच्या उंबऱ्याबाहेर न्यायचा, उन्हात धरायचा, कोपरा ओला करून तळहातावर चोळायचा. हाताला रंग लागला नाही, तरच तिने "घ्या" म्हणायचं.

ही रीत काही उगाच पडली नव्हती. मागे एका नवरीच्या अंगावर भर मांडवात शालूचा रंग उतरला होता. घामाने मान लाल, दंड लाल. दोष कापडाचा, पण लोकांच्या जिभेला हाड असतं का? त्या बिचारीला जन्मभर अपशकुनी म्हणून हिणवलं मेल्यांनी! आणि आत्याची पोर तर बिनआईबापाची. तिच्यावर असा प्रसंग आला असता, तर लोक काय काय बोलले असते, ते आत्याला न सांगता कळत होतं.

शहरात आत्याचा एक चुलतभाऊ राहत होता. वयाने तिच्याहून लहान, पण ऐट अशी की सगळं गाव त्याला शहरकाका म्हणायचं. तो फेटा बांधून वेशीवरच उभा होता.

"हे बघा," तो म्हणाला, "तुम्ही पडलात गावची माणसं. मी सांगेन तिथे जेवायचं, मी सांगेन तिथे कापड घ्यायचं. आणि कृपा करून गावंढळपणा करू नका. चारचौघांत माझं हसं होतं."

वेशीला लागूनच गाडीवानांची खाणावळ होती. आत भाकऱ्या थापल्या जात होत्या, लसणाच्या फोडणीचा वास रस्त्यावर आला होता आणि माणसं गुडघ्याला गुडघा लावून जेवत होती. आत्या थबकली. "अरे, इथेच बसू की."

"इथे? पाहुण्यांना घेऊन? आक्का, काही रीतभात आहे की नाही?" शहरकाकाने नाक मुरडलं आणि सगळ्यांना पुढे हाकललं.

त्याने नेलं ते एका मोठ्या पाटीच्या खाणावळीत. पाटी एवढी मोठी की आतलं माणूस झाकून जावं, पण आत माणूसच नव्हतं. माश्या होत्या. भात चिकट, आदल्या दिवशीचा. आमटीचा पहिला घोट घेतला आणि आत्याचे दात आंबले. तिने चोरून विहीणबाईंकडे, म्हणजे नवऱ्यामुलाच्या आईकडे पाहिलं. विहीणबाई मान खाली घालून मुकाट जेवत होत्या.

"कशी आहे आमटी?" शहरकाकाने विचारलं.

"झकास!" व्याही म्हणाले आणि घटाघटा पाणी प्यायले. मग सगळेच झकास म्हणाले. आत्याने शपथ आठवली, डोळे मिटले आणि गिळलं.

"तू नाही रे बसलास?" तिने विचारलं.

"माझा आज उपास आहे."

"कसला?"

"आहे एक," शहरकाका म्हणाला आणि मिशीवरून हात फिरवत बाहेर बघू लागला.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटं नाही. मुलीकडच्यांना वाटलं, नावं ठेवली तर मुलाकडचे रुसतील. मुलाकडच्यांना वाटलं, हा मुलीचा काका, याला कसं बोलायचं? अशी दोन्ही घरं आंबलेली आमटी गिळत बसली आणि हा मधे उभा राहून भाव खात होता. असल्या माणसांचं सगळं दुकान दुसऱ्याच्या भिडेवर चालतं. सांगतानासुद्धा माझं डोकं फिरतं!

जेवणं उरकल्यावर शहरकाकाने सगळ्यांना कापडपेठेत नेलं. दुकान लांबलचक आणि अंधारं. आत समया तेवत होत्या आणि त्यांच्या उजेडात शालू असा झळकत होता की पोरीचे डोळेच दिपले. शेटजी म्हणाले, "नवरी लक्ष्मी दिसेल लक्ष्मी! बांधू?"

"थांबा, जरा उन्हात धरून बघते," आत्या उठली.

शहरकाकाने तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. "आक्का! शहरात असं करत नाहीत. शेटजींचा अपमान होतो." आणि मग कानाशी लागून म्हणाला, "पाहुणे बघताहेत. सोयरीक मोडायची आहे का तुला?"

हे मात्र आत्याला लागलं. ती बसली. शेटजी शालूची घडी घालू लागले. पोरगी भाबडेपणाने हसत होती. तिचा विश्वास आत्यावर होता, आणि आत्या तर खाली मान घालून बसलेली.

तेवढ्यात आत्याला आंबट ढेकर आला.

ती ताडकन उठली. शेटजींच्या हातातून तिने शालू ओढून घेतला. "मघाशी पोटात घातलंस, ते मी गिळलं," ती शहरकाकावर कडाडली. "आता पोरीच्या अंगावर घालतोस? हो बाजूला!"

शेटजी दारात आडवे आले. "बाई, माल बाहेर जात नाही!"

"का? उन्हाने वितळतो की काय तुमचा माल?"

पेठेतली माणसं जमू लागली. आत्या शेटजींना बाजूला सारून उंबऱ्याबाहेर आली. शालू मातीत लोळत होता. एवढ्यात त्याचं दुसरं टोक कुणीतरी उचललं. शहरकाकाच ओढतोय असं वाटून ती शिवी हासडायला वळली, तर समोर विहीणबाई!

गेली सोयरीक, आत्याला वाटलं.

"ताणून धरा," विहीणबाई म्हणाल्या. त्यांच्या दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या होता. "मी पाणी घालते, तुम्ही चोळा."

आत्याने कोपरा चोळला. तळहात लालभडक झाला. बोटांच्या फटींतून लाल पाणी तिच्या मनगटावर ओघळलं.

"मी आमटीच्या वेळीच बोलणार होते," विहीणबाई हळूच म्हणाल्या. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गिळली."

"अगं बाई! आणि मी तुमच्यासाठी गिळली!"

मग दोघी मिळून शहरकाकाकडे वळल्या. आत्याने तो लाल हात त्याच्या नाकासमोर धरला.

"बघ नीट! हा रंग भर मांडवात माझ्या पोरीच्या मानेवर असता. लोकांनी अपशकुनी तिला म्हटलं असतं, तुला नाही. तू आपला फेटा बांधून जेवणावळीत मिरवला असतास."

शेटजी शहरकाकावरच उखडले, "काय हो, दर दिवाळीला नवा फेटा देतो तो अशी गिऱ्हाइकं आणायला?"

भर बाजारात शेटजी एवढं बोलून गेले. बघणाऱ्यांतून हशा पिकला. आत्याने ओला शालू शेटजींच्या खांद्यावर टाकला आणि पोरीचा हात धरला.

"आधी काहीतरी धड पोटात जाऊ द्या," विहीणबाई म्हणाल्या. सगळे परत वेशीकडे निघाले. शहरकाका मागून धावत होता. "आक्का, तिथे नको गं. तिथलं जेवण बाधतं, मी सांगतो ना!"

कुणी मागे वळूनही पाहिलं नाही. गाडीवान सरकले, त्यांनी जागा करून दिली आणि मंडळी बसली. चुलीपाशी बसलेल्या खाणावळवालीने मान वर केली. दारात घुटमळणाऱ्या शहरकाकाला बघून तिला आनंदच झाला.

"काय हो काका, आज एवढा उशीर? रोज कसे वेळेवर येता. तुमचं ताट कधीचं झाकून ठेवलंय!"

तिने झाकण काढलं. बाजरीची भाकरी, भरलं वांगं, लोण्याचा गोळा आणि ठेचा. शहरकाकाचा चेहरा पांढराफटक पडला.

आत्या या वेळी ओरडली नाही. ती शांतपणे म्हणाली, "बाई, ते ताट पोरीपुढे ठेवा. काकांचा आज उपास आहे."

जेवण झाल्यावर आत्याने खाणावळवालीला एवढंच विचारलं, "तुमचं स्वतःचं लुगडं कुठून घेता हो?" तिने एक गल्ली सांगितली. तिथला दुकानदार आपणहून शालू घेऊन उन्हात आला आणि पाण्याचा तांब्याही त्यानेच पुढे केला. लग्न ऐन वैशाखात लागलं. नवरी घामाने चिंब झाली, पण मानेला रंगाचा ठिपका लागला नाही. शहरकाका लग्नाला आला होता. आत्याने त्याला पंक्तीत स्वतःशेजारी बसवलं आणि तो शेवटचा घास खाईपर्यंत उठू दिलं नाही.

तात्पर्य काय, तर परक्या गावात "कुठलं चांगलं?" असं विचारू नये, "तू स्वतः कुठे जातोस?" असं विचारावं. आणि आपल्याला जेवायला बसवून जो स्वतः उपास धरतो, त्याच्या भिडेपायी एक घाससुद्धा गिळू नये.