आत्याच्या मैफलीला हार

एका गावात एक भोळा माणूस होता, अशी गोष्ट सुरू करायची रीत आहे. आमचा सखाहरी गावात होता तोवर कुणाचं काही बिघडलं नाही. मग बापाने त्याला पुण्याला आत्याच्या सोबतीला पाठवलं, आणि ही गोष्ट तयार झाली.

आत्या म्हणजे इंदुमती गांगुर्डे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, दोन खोल्यांत एकटी राहणारी. रोज सकाळी ती पेपरातलं 'आज शहरात' हे सदर कात्रीने कापायची आणि 'प्रवेश विनामूल्य' दिसेल तिथे लाल खूण करायची. चित्रं, गाणी, व्याख्यानं झालीच, पण पुस्तक प्रकाशनंही सोडायची नाही, कारण तिथे बटाटेवडा असतो. ती म्हणायची, या शहरात बसच्या पासावर माणूस राजासारखा जगतो, फक्त कुठे कसं वागायचं ते कळायला हवं. सखाहरीला तेवढंच कळत नव्हतं. बाकी सांगितलेलं तो सगळं ऐकायचा. अडचण तीच होती.

आत्याच्या मनात मात्र वेगळीच धाकधूक होती. नऊ वर्षं ती गल्लीतल्या क्लासात गाणं शिकत होती. एका मंडळाने महिनाअखेरची एक संध्याकाळ तिला दिली होती. अट अशी, की सभागृह भरलं आणि गाणं लोकांना भिडलं, तर त्यांच्या दिवाळी पहाटेला तिला गायला मिळणार. या वयात पुन्हा कुणी विचारणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भाजी चिरतानाही ती ताना घ्यायची.

पहिल्या रविवारी तिने सखाहरीला चित्रांच्या प्रदर्शनाला नेलं. एका चित्रात आंब्यांची टोपली होती. सखाहरीने वरचा आंबा अंगठ्याने दाबला. रंग ओला होता. रखवालदार धावत आला.

"पिकला का ते बघत व्हतो," सखाहरी म्हणाला.

आत्याने बाहेर आल्यावर त्याला समजावलं. कलेच्या इतकं जवळ जायचं नाही. पाच पावलं मागे सरायचं, हात पाठीमागे बांधायचे आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. सखाहरीने सगळं बोटांवर मोजून पाठ केलं.

पुढच्या रविवारी एका देवळात गाण्याची बैठक होती. सतरंजीवर माणसं दाटीवाटीने बसली होती. गवयाने सूर लावला. सखाहरी उठला, त्याने हात पाठीमागे बांधले आणि तो मागे सरू लागला. पहिल्या पावलाला एका काकांचा चष्मा गेला, तिसऱ्याला कुणाची तरी पाण्याची बाटली. पाचवं पाऊल एका आजींच्या मांडीवर पडलं आणि तिथेच थांबलं, कारण पाच पावलं पुरी झाली होती. आजी कळवळून विचारत होत्या, अरे बाबा, कोण तू. सखाहरीने अवाक्षर काढलं नाही.

आत्याने आजींची माफी मागितली आणि घरी येऊन पुन्हा समजावलं. असल्या जागी बसून ऐकायचं. मनाला भिडलं की मान डोलवायची आणि 'क्या बात है' म्हणायचं. फारच भिडलं तर 'वन्स मोअर'.

तिसऱ्या रविवारी आत्याला रियाज होता. तिने कात्रणातला एका सभागृहाचा पत्ता घाईघाईत सखाहरीच्या हातात दिला आणि त्याला एकट्यालाच धाडलं. तिथे शोकसभा होती. एक गृहस्थ भरल्या गळ्याने सांगत होते की अण्णा रात्री जेवून झोपले ते उठलेच नाहीत.

"क्या बात है," सखाहरी मान डोलवत म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. गृहस्थांनी डोळे पुसले आणि ते म्हणाले की आमचा आधार गेला. हे सखाहरीला फारच भिडलं. तो मोठ्याने 'वन्स मोअर' म्हणाला. चौघांनी त्याला उचलून पायऱ्यांवर आणून ठेवलं.

आत्याने डोक्याला हात लावला. तिचा कार्यक्रम चार दिवसांवर आला होता, तिला वेळ नव्हता. तिने एका दमात सांगून टाकलं. सभागृहाच्या दारात कुणाचा फोटो मांडलेला दिसला की आधी त्याला हार घालायचा, उदबत्ती लावायची, तोंड पाडून उभं राहायचं. कुणी काही विचारलं तर 'फार चांगला माणूस होता' एवढंच म्हणायचं.

कार्यक्रमाच्या दिवशी आत्या लवकर जाऊन पडद्यामागे तंबोरा लावत बसली. सखाहरी मागून पोचला. दारात खुर्चीवर फोटो मांडला होता. मंडळाने फोटो मागितला तेव्हा आत्याने टेलिफोन खात्यात लागली तेव्हाचा दिला होता. दोन वेण्या, भरलेले गाल. हौस कुणाला नसते?

सखाहरी आल्या पावली वळला. निशिगंधाचा हार आणला, फोटोला घातला, उदबत्ती लावली. मग तोंड पाडून उभा राहिला.

येणारे थबकू लागले. कोण होत्या म्हणून विचारू लागले.

"माझी आत्या," सखाहरी म्हणायचा. "फार चांगली होती."

एवढ्या तरुण वयात, असं म्हणत लोक चपला काढून आत जायचे. बातमी गल्लीभर झाली. फुकटच्या गाण्यालाही जे फिरकले नसते ते दुकानं अर्धी बंद करून आले. सभागृह खचाखच भरलं, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. आत्याने पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि तिचा ऊर भरून आला.

ती गायला बसली. लोकांना वाटलं, थोरली बहीण गाते आहे. तिने लग्नातलं एक खट्याळ गाणं घेतलं तर पहिली रांग पदराने डोळे पुसू लागली. ते पाहून आत्याचा आवाज आणखी खुलला. खरं सांगतो, इतकं सुंदर ती आयुष्यात कधी गायली नव्हती.

मंडळाचे अध्यक्ष नेहमीप्रमाणे उशिरा आले. त्यांनी आत्याला कधी पाहिलं नव्हतं, अर्जावरचा फोटो तेवढा पाहिला होता. दारातला हार बघून ते सरळ माईकशी गेले. इंदुमतीबाईंसारखी गायिका पुन्हा होणे नाही, म्हणाले. दिवाळी पहाट त्यांचीच होती, म्हणाले. आत्या लाजून खाली बघत होती. मग अध्यक्षांनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. आपल्या मानासाठी सभागृह उभं राहिलं म्हणून आत्याही हात जोडून उभी राहिली. दोन मिनिटांनी 'ओम शांती' झालं आणि लोक निघाले. जाताना बायका तिचा हात दाबून सांगत होत्या, तुमचाही आवाज अगदी तिच्यासारखाच आहे हो.

आत्या धावत दाराशी गेली. तिने हार पाहिला. तिने अध्यक्षांना गाठलं.

"अहो, इंदुमती मीच."

अध्यक्षांनी फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "धक्का मोठा आहे ताई," ते म्हणाले. "सावरा."

"या पोराला विचारा. माझा भाचा आहे. सांग रे, मी कोण?"

सखाहरीने एकवार फोटोकडे पाहिलं. मग तोंड पाडलं.

"माझी आत्या," तो म्हणाला. "फार चांगली होती."

आत्याने आधार कार्ड नेऊन दाखवलं, पण तोवर 'इंदुमती स्मृती दिवाळी पहाट' अशा पत्रिका छापून झाल्या होत्या. अध्यक्ष म्हणाले, यंदा स्मृती होऊन जाऊ द्या, जिवंतपणाचं पुढच्या वर्षी बघू. दुसऱ्याच बाई गाणार होत्या. जवळची नातेवाईक म्हणून आत्याला मानाचे दोन पास घरपोच आले.

आत्या ते पास हातात धरून रडत बसली होती. सखाहरीने ते दोनदा वाचले. त्याचा चेहरा उजळला.

"आत्या," तो म्हणाला, "फुकट हाय. अन् पहिली रांग."