सावरखिंडीतल्या दोन राशी

मंडळी, सरबताचा गुण विचारायचा झाला तर कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवाल, विकणाऱ्याच्या की पिणाऱ्याच्या? घाई नको. आधी गार घोट घ्या आणि दुकानामागच्या या दोन राशी बघा. एक पांढऱ्या गारगोट्यांची, दुसरी काळ्या खड्यांची. काळी रास दुपटीने मोठी. आपल्याच मालाची अशी जाहिरात कोणता दुकानदार करील?

या खिंडीत पूर्वी धाकूशेट खातू बसत. घाट चढून आलेले बैलवाले इथे पोचेपर्यंत अर्धमेले होत. त्यांच्यासाठी शेटनी उपळसरीची मुळी, कोकम, जिरे आणि गूळ घालून सरबत जमवले. जमेपर्यंत तीन उन्हाळे माठच्या माठ ओतून दिले म्हणे. पण जमले ते असे, की एका पेल्यात उन्हाची तलखी उतरे. परतीच्या वाटेवर लोक सांगत, "शेट, डोकं दुखायचं थांबलं बघा." कोणी सांगे जळजळ थांबली, कोणी सांगे ताप गेला. प्रत्येकामागे शेट एक गारगोटी रचीत. रास कमरेएवढी झाली, तेव्हा ते तापकऱ्यालाही छातीठोकपणे सरबत देऊ लागले.

एका चैत्रात त्यांची बायको जानकी तापाने पडली. तिलाही चार दिवस तेच सरबत. वैद्य खिंडीपलीकडच्या गावातच होते, पण दारात एवढी रास असताना दुसऱ्याच्या दारी जायचे शेटच्या जिवावर आले.

पाचव्या दिवशी घाटावरची तानूबाई एकटीच बैल हाकत आली. शेटनी विचारले, "कारभारी मागे राहिले वाटतं?"

"ते गेले," ती म्हणाली. "नऊ दिवस ताप होता. शेटची रास डोळ्यांनी पाहिलीय म्हणायचे, वैद्याला उंबऱ्यात येऊ देईनात. इथून नेलेल्या तुमच्या सरबतावरच राहिले." मग राशीकडे पाहत तिने विचारले, "यात त्यांचा दगड कुठला, शेट?"

तेव्हा कुठे धाकूशेटच्या ध्यानात आले. बरे झालेले तेवढे परत येऊन सांगत होते. जे उठलेच नाहीत, ते सांगायला येणार कसे? दुकानाच्या अकरा वर्षांत हा विचार एकदाही शिवला नव्हता. आत जानकी कण्हत होती आणि शेट राशीकडेच बघत उभे होते.

"बघताय काय? उचला तिला," तानूबाई म्हणाली. तिनेच घोंगडीची झोळी केली. दोघांनी जानकीला वैद्यांकडे पोचवले.

जानकी वाचली. तीन आठवड्यांनी घरी आली, तर शेटचा हात सवयीने गारगोटीकडे गेला.

"ही कशापायी?" तिने विचारले. "मला उठवलं वैद्यांनी. तुमच्या सरबतानं ताप तसूभर हलला नव्हता."

"अगं, घरच्याच माणसानं असं म्हटलं तर लोक काय म्हणतील?"

"तहान भागते म्हणतील. तेवढं खरं आहे, तेवढंच विका."

आणि तिने स्वतःच्या नावाचा पहिला काळा खडा वेगळा ठेवला. मग वर्षभर दुकान बंद ठेवून धाकूशेट घाटावरच्या गावांत दारोदार विचारत फिरले. काही दारांतून शिव्या मिळाल्या, एकीकडे अंगावर कुत्रे सोडले. गुण न आलेल्या प्रत्येकाचा खडा त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून खिंडीत आणला, असे म्हणतात.

आजही या खिंडीत तापकऱ्याला सरबत मिळत नाही, त्याला वैद्याची वाट दाखवतात. बाकीच्यांना पेल्याआधी काळी रास दाखवतात. तुम्ही आता घरी जाल. गुण आला नाही, तर येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर तसा निरोप धाडा. माणूस गोड बोलला म्हणून भिडेपोटी बरं वाटलं म्हणू नका. आमच्या हिशेबातली ती बाजू तुमच्याच हाती आहे, तेवढी खरी ठेवा.