परत दारापासून

“मग ती माझ्याकडं येत का न्हाई, बुवा?”

केरबाचा आवाज चढला होता. सोमगिरी बुवा मठाच्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण?”

“सुभी. माझी सख्खी लेक. आत्याच्या पदराआडनं बघती माझ्याकडं, आन् मी हात पुढं केला की पळती.”

सुभी वर्षाची असताना तिची आई गेली. दिवस उरकले तसं केरबानं पोर बहिणीच्या, यमुनाच्या ओटीत घातलं आणि तो नर्मदेच्या परिक्रमेला निघून गेला. अनवाणी, मागून खात, तीन वर्षांहून जास्त चालला. परत येऊन महिना झाला होता. राहायला मठात, जेवायला बहिणीकडे, स्वतःचं घर बंदच. गावात त्याच्या चालण्याचं मोठं नाव झालं होतं आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते गोड लागत होतं.

“काल फिरायला नेली व्हतीस ना तिला?”

“नेली की. देवीच्या टेकडीवर. वाटंत सारखी रेंगाळत व्हती, मग खांद्यावर टाकली आन् दम न खाता वर चढलो. समदा मुलूख दावला.”

“तिनं काय बघितलं?”

“…रडली.”

बुवांनी आणखी एक शेंग फोडली.

“अमावास्येपर्यंत वाट बघतो,” केरबा म्हणाला. “न्हाई आली जवळ, तर पुन्हा नर्मदामाईकडं जातो. तिथं तरी मला कुनी परका समजत न्हाई.”

हे तो ताठ मानेनं म्हणाला खरा, पण डोळे भरून आले होते. बुवांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

“उद्या सकाळी आन तिला हितं,” ते म्हणाले.

सकाळी यमुना सुभीला घेऊन आली. मार्गशीर्षातले दिवस. पलीकडच्या शिवारात ज्वारी पोटरीला आली होती, कुंपणावर बोरं पिवळी पडायला लागली होती. सुभी आत्याचा हात सोडायला तयार नव्हती.

बुवांनी तिला सांगितलं, “सुभे, आज वाट तू दावायची. ह्यो तुझ्या मागनं येईल.”

मग केरबाकडे वळून म्हणाले, “ती थांबली की थांबायचं. आन् ‘चल’ म्हनायचं न्हाई. म्हनलास की परत मठाच्या दारापासून.”

केरबा हसला. नर्मदेचे दोन्ही काठ पालथे घातलेल्या माणसाला ही कसली अट!

दहा पावलं झाली आणि सुभी खाली बसली. मुंग्यांची रांग होती. मेलेल्या टोळाची तंगडी त्या ओढून नेत होत्या. केरबा उभा राहिला. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला. आभाळाकडे पाहिलं…

“चल,” तोंडातून निघून गेलं.

“परत!” ओट्यावरून बुवा ओरडले.

दुसऱ्या खेपेला रुईच्या झुडपानं घात केला. बोंड उकललं होतं आणि सुभी एकेक म्हातारी काढून फुंकरीनं उडवत होती. एक उडवायची, ती दिसेनाशी होईपर्यंत बघायची, मग दुसरी. बोंडात किती असतात ते केरबाला त्या दिवशी कळलं.

“चल की आता!”

“बोललात!” सुभी ताडकन उठली. “बुवा, ह्ये बोललं! परत, परत!”

तिला केवढा आनंद झाला होता! तिनं त्याचं बोट पकडलं आणि ओढतच त्याला मागं नेलं. आपलं बोट तिच्या मुठीत आहे, हे केरबाच्या ध्यानात आलं ते दारापाशी पोचल्यावर. तो बोट हलवायलाही भ्याला.

तिसऱ्या खेपेला तो मुद्दाम चुकला.

चौथ्या खेपेला सुभी बसली तसा तोही तिच्या शेजारी मातीत बसला. आता त्याला ‘चल’ म्हणावंसंच वाटेना.

“ह्ये धरा,” ती म्हणाली.

पांढरी गारगोटी होती. मग साळुंकीचं पीस आलं. मग बाभळीची सुकलेली शेंग, मग गोगलगायीचा रिकामा शंख.

“घट्ट नका धरू. फुटल त्यो.”

“न्हाई धरत.”

“आन् ही बोरं. खायाची न्हाईत हां, आत्याला दावायची हायेत.”

“न्हाई खात, माझे बाय.”

ऊन चढलं. यमुना दोनदा दारात येऊन डोकावून गेली. मग दोघं परतताना दिसली. पुढं सुभी, मागं केरबा, दोन्ही हातांच्या ओंजळीत ती सगळी मिळकत सांभाळत. धोतराला कुसळं, गुडघ्यांना माती. बायको गेल्यापासून एवढा सुखी तो कधीच नव्हता आणि ते त्याच्या तोंडावर लख्ख दिसत होतं.

“कुठवर गेला व्हतास?” बुवांनी विचारलं.

केरबा ओशाळला.

“विहिरीपर्यंत… विहीरबी न्हाई. अलीकडच्या बाभळीपर्यंत.”

“लई लांब गेलास की.”

केरबाला हसू आलं, मग त्याची नजर सुभीकडे गेली.

“बुवा, ती तीन वर्सं मी… हिला टाकून…”

तो बुवांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला.

“अवो, सांडल समदं!” सुभी किंचाळली. “खाली न्हाई ठेवायचं!”

केरबा तसाच अर्धवट वाकून राहिला. धड खाली जाता येईना, धड ताठ होता येईना. ओंजळ सोडवेना.

बुवांनी आपले पाय उचलून मांडीखाली घेतले.

“पाया रिकाम्या हातांची मानसं पडत्यात, केरबा. तू घरी जा.”