राखणीचे काटे

फार पूर्वी नदीकाठच्या रानात साळिंदराने काट्यांचा कारखाना काढला. बाभळीचे काटे तासायचे, बिब्ब्याच्या तेलात बुडवायचे आणि नदीपलीकडच्या लांडग्यांना बोरांच्या बदल्यात द्यायचे. त्यांना सगळे ‘राखणीचे काटे’ म्हणत. बिबवे मैना आणून देई. रानातले सगळेच कारखान्याचे वाटेकरी होते. प्रत्येकाला वाट्याची बोरं मिळत.

एकदा मैना पलीकडे गेली, तर वाटेत हरणाचं पाडस मरून पडलेलं. पोटात काटे रुतलेले, अंगभर बिब्बा उतलेला.

बोरं वाटायच्या दिवशी तिने भर सभेत विचारलं, “साळिंदरदादा, त्या पाडसापासून लांडग्यांची कसली राखण चालली होती?”

“बाई, आपण काटे करतो, टोचत नाही,” साळिंदर शांतपणे म्हणालं. “तरी सभेचं मत घेऊ. ज्यांना हे थांबावं असं वाटतं, त्यांनी तोंडातलं बोर खाली ठेवावं.”

सभेत नुसता चघळण्याचा आवाज येत राहिला. सशाने मान खाली घातली, बोर मात्र ठेवलं नाही.

मैनेने आपलं बोर मातीत ठेवलं आणि पिल्लांकडे पाहिलं. त्यांनी आपली बोरं केव्हाच गिळली होती. धाकटं तिच्या पायाशी आलं आणि म्हणालं, “आई, तुला नको ना हे? मग मी खाऊ?”