गिसबर्टची उडी

"...मला अजून उडी येते की नाही, एवढंच सांगा, बाई! बाकी कुणाचं मला ऐकायचं नाही."

इर्मगार्डबाई खुर्चीत बसून होत्या. जर्मनीतल्या कासेल शहरात, टायरच्या दुकानावरच्या माडीवर त्यांचा नाचाचा वर्ग भरायचा. पाय कधीच गेले होते. काठी मात्र शाबूत होती, आणि त्या काठीला शहरातले सगळे नाचणारे टरकून असायचे.

समोर उभा होता गिसबर्ट. ऐरागैरा नव्हे! याच वर्गात शिकला, आणि नाटकगृहात अशी उडी मारायला लागला की लोक तेवढ्यासाठी तिकीट काढत. मग सिनेमावाल्यांनी उचलला. आधी नाचणारा नायक, मग नुसताच नायक, मग टीव्हीवरचा फौजदार. आता साठी उलटली होती, एक गुडघा कामातून गेला होता. पण तोरा? तो काही उतरला नव्हता.

"झालंय काय?" बाईंनी विचारलं.

"उद्या शूटिंग आहे. म्हाताऱ्या नर्तकाची भूमिका. शेवटी तो एकदाच नाचतो, उडी मारतो. आणि दिग्दर्शक म्हणतो, चेहरा तुमचा घेऊ, पाय एका पोराचे. डमी! मला डमी! डॉक्टरसुद्धा त्याच्याच बाजूचा."

"नाही म्हणालास तर?"

"तर भूमिका दुसऱ्याला. यानंतर मला कुणी नाचायला बोलवणार नाही, ते मलाही कळतं." त्याचा आवाज चढला. "गेली तर गेली! मेलो तरी परक्या पायांवर माझं तोंड चिकटवू देणार नाही. फक्त तुम्ही म्हणा, की उडी येते. तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत."

"दाखव."

कोपऱ्यात म्हातारे फोल्कर पियानोवर बसले होते. त्यांनी ओळखीची चाल धरली. पाय घसरू नये म्हणून गिसबर्टनं बुटांचे तळवे राळेच्या डब्यात घासले आणि सुरुवात केली. छान नाचला, खोटं कशाला बोला. उडीची जागा आली, तसा त्यानं उजवा हात झोकात वर फेकला, खाली आणला आणि पुढची पावलं घेतली.

ठक्! काठी आपटली. पियानो थांबला.

"हे काय होतं?"

"खुणावलं, बाई. तालमीत सगळेच खुणावतात. पायांचं काम हातांनी दाखवायचं, दम राखायचा. खरी उडी उद्या, कॅमेऱ्यापुढं."

"हातानं उडी मारून कुणाचं हाड मोडलंय आजवर?"

गिसबर्टनं टॉवेल उचलून खांद्यावर टाकला.

"येत नाही तुला," बाई म्हणाल्या.

...

गिसबर्ट लालबुंद झाला.

"मग करू काय? तुमच्यासारखा खुर्चीत बसू?"

बोलून गेला, आणि जीभ चावली. फोल्कर उगाचच पियानोवरची धूळ पुसायला लागले.

"खुर्ची वाईट नाही," बाई म्हणाल्या. "पण ही माझी आहे. तुला मिळायची नाही. इकडे ये. वाक."

तो वाकला. बाईंनी त्याच्याच खांद्यावरचा टॉवेल ओढला, त्याच्या तोंडावरून घेतला आणि मागं करकचून गाठ मारली. भिंतीभिंतींवर झळकलेला तो देखणा चेहरा पार झाकून गेला.

"अहो, काही दिसत नाही मला!"

"तुला बघायला कुणी सांगितलंय?"

"आणि माझा चेहरा? लोक चेहरा बघायला येतात माझा!"

"तो दिग्दर्शकाला हवाय ना? त्याला दे. मला नाच दाखव."

फोल्करनी पुन्हा चाल धरली.

पहिल्याच गिरकीला तो भिंतीवरच्या लाकडी दांड्यावर आदळला. दुसऱ्या गिरकीला गुडघ्यावर पडला. टॉवेलच्या आतून एक सणसणीत शिवी आली.

"उठू का, की पुरे झालं?" त्यानं ओरडून विचारलं.

बाईंनी काठीनं ताल धरला. फोल्कर वाजवतच राहिले.

मग मात्र गडी पेटला. उठला, आणि नाचायला लागला. ना झोक, ना नखरा. नुसता हट्ट. उडीची जागा जवळ आली. या खेपेला हात वर गेला नाही. तो गुडघ्यात वाकला, चवड्यांवर उठला...

आणि तिथंच उभा राहिला.

सूर पुढं निघून गेले. हा हलेना. दुखरा गुडघा लटलट कापत होता, तरी हलेना. घर रिकामं करायला पोलीस आल्यावर घरमालक दार अडवून उभा राहतो ना, तसा उभा. फोल्करनी एवढ्या वर्षांत कधी ताल सोडला नव्हता. आज त्यांची बोटं आपसूक थांबली.

बऱ्याच वेळानं गिसबर्टनं टॉवेल ओढून काढला. रडत होता, आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती.

"उद्या हेच करणार! माझ्या पायांनी. घ्यायचं तर घ्या म्हणावं, नाहीतर नमस्कार!"

"सांग त्याला."

"सांगणारच!"

तो दारापर्यंत गेला. दाराशी पाऊल अडखळलं.

"पण बाई... लोक विचारतील, ती उडी कुठं गेली? आणि खरंच, मी मारलीच नाही."

"मारलीस," बाई म्हणाल्या. "अजून खाली आलेला नाहीस."