उघाडीची खुंटी

भक्तहो, खाडीकाठच्या खारवेळे गावी श्रीदयाघन महाराजांचा मठ टेकडीवर होता आणि गावाची सारी भातशेती खाली, बांधाच्या आड. त्या बांधात एक उघाडी होती. उघाडी म्हणजे लाकडी दार. ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला मिटून खाडीचं पाणी अडवायचं. खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढे कित्येक वर्षं त्या जमिनीत धड गवतही उगवत नाही.

त्या श्रावणात उघाडीच्या लोखंडी बिजागऱ्या गंजून निखळल्या. नव्या बिजागऱ्या बंदरातून आणाव्यात, तर पावसाळ्यात गलबतं बंद. नारळी पौर्णिमेचं उधाण तर तोंडावर आलेलं. तेव्हा धाकू सुतार म्हणाला, बिजागऱ्या मी लाकडाच्याच करतो.

गावचे खोत विसाजीपंत मोठे मानी गृहस्थ. ते म्हणाले, "बुडत्याला काडीचा आधार ऐकला होता, धाकू. अख्ख्या गावाला काडीचा आधार आजच बघतोय."

लोक हसले. धाकू रागावला नाही. तोंडाने नाम घेत त्याने जुना खैर तासला, दोन बिजागऱ्या केल्या आणि त्यांत घालायला दोन खुंट्या घडवल्या. कामाची पहिली खुंटी महाराजांच्या पायांशी ठेवायची, त्यांचा हात लागला की मगच बसवायची, हा त्याच्या घरचा रिवाज. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ओहोटी साधून त्याने दार टांगलं. पहिल्या खुंटीच्या जागी तेवढ्यापुरती पांगाऱ्याची मऊ खुंटी ठोकली आणि खैराची घेऊन तो टेकडी चढला. मठात भजन रंगलं होतं. खुंटी पायांशी ठेवून धाकू जो टाळ घेऊन उभा राहिला, तो देहभान विसरला आणि घरी परतला तो रिकाम्या हातांनी!

दुसऱ्या दिवशी दुपारी उधाण चढू लागलं. नारळ वाहायला सारा गाव बांधावर जमला होता. दार कुरकुरलं तेव्हा कुठे धाकूला आठवण झाली आणि "खुंटी मठातच राहिली!" असं तो ओरडला. बघता बघता पांगाऱ्याची खुंटी मोडून पाण्यावर तरंगत आली. दार कललं, फटीतून खारं पाणी भाताकडे धावलं. मठात जाऊन येईपर्यंत सगळं बुडालं असतं. धाकूने उडी टाकून दाराला खांदा दिला.

"देवाला खुंटी आणि गावाला भोक!" खोत ओरडले. आवाजात थट्टा कमी आणि भीती जास्त होती. सर्वांत मोठी शेती त्यांचीच होती ना.

धाकूने डोळे मिटले. "महाराज, चूक माझी आहे. शेतं लोकांची आहेत."

आणि काय आश्चर्य! खांद्यावरचं ओझं एकाएकी हलकं झालं. शेजारी कुणीतरी उभं राहून जोर लावतंय असं त्याला वाटलं. डोळे उघडले तर कुणी नाही. दार सरळ झालं, फट मिटली. पाणी धडका देत राहिलं आणि ओहोटी लागताच मुकाट्याने मागे सरलं. बांधावर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. धाकू मात्र चिखलातच बसला आणि पोटभर रडला.

मग उठून पाहतो तो बिजागरीत खैराची खुंटी! मठात राहिलेली तीच. तिच्या डोक्यावर महाराजांच्या पायांवरचा बुक्काही होता, इतक्या पाण्यातही न धुतलेला.

हे पाहताच खोत सर्वांच्या आधी टेकडी चढले, मागोमाग धाकू. महाराज आसनावर बसले होते. शिष्य सांगू लागला, महाराज दुपारपासून जागचे हलले नाहीत, पण बसल्या जागी कमरेपर्यंत भिजले. खोतांनी नीट पाहिलं. पायांना खाडीचा काळा चिखल होता आणि उजव्या तळव्यावर खुंटीच्या डोक्याएवढा लाल वळ.

महाराज धाकूला म्हणाले, "घाईत ठोकली आहे बाळ. मी काही सुतार नव्हे. एकदा तू नजर घाल."

विसाजीपंतांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं, घागर उचलली आणि आपल्या हातांनी तो चिखल धुतला. मग त्याच ओल्या पायांवर त्यांनी डोकं टेकलं.

पुढे गलबतं सुरू झाली, लोखंडी बिजागऱ्याही आल्या. खोतांनी त्या आपल्या गोठ्याच्या दाराला लावल्या. उघाडीची नवी खुंटी मठात न्यायची असली, की मात्र धाकूपुढे वाकून ती खोतच मागून घेत आणि अनवाणी टेकडी चढत.