सात गावं खेळलेला गडी

एका गावात फुटबॉलचं वेड होतं, आणि संशयाचं त्याहून जास्त. मोठ्या सामन्याची ढाल बारा वर्षांत त्या गावाला मिळाली नव्हती. गोल मारणारा कुणी नव्हताच, मिळणार कशी? म्हणून गावाने बाहेरून एक गडी आणला. गडी नामी होता, पण सात गावांकडून खेळून आलेला.

झालं, चावडीवर तोंडं सुरू.

"सात घरं फिरलेली म्हैस," गावचा न्हावी म्हणाला. "दूध देत असती तर विकली असती का कुणी?"

गड्याने ते ऐकलं. हसून म्हणाला, "काका, दूध देते म्हणूनच दर वेळी गिऱ्हाईक मिळालं."

लोक हसले, पण संशय काही गेला नाही. खरं सांगायचं तर जाण्यासारखा नव्हताही. हा गडी आपली पेटी कधी रिकामी करायचाच नाही. लागेल तो कपडा काढायचा, की लगेच कडी लावायची. असा माणूस कुठं राहायला आलेला असतो का?

तरी त्याच्याच पायावर गाव शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलं. समोर आलं नदीपल्याडचं गाव. त्या गावाकडून हा दोन वर्षं खेळलेला. आता बोला!

सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात गड्याने गोल मारला. गाव नाचायला लागलं. गडी मात्र नाचला नाही. नदीपल्याडची माणसं बसली होती तिकडे वळून त्याने हात जोडले, आणि खाली मान घालून परत आला.

"बघितलंत?" न्हावी ओरडला. "गोल मारून माफी मागतोय! आतून त्यांचाच आहे तो."

कप्तानाच्या डोक्यात ते बसलं. मधल्या सुट्टीत त्याने बाकीच्यांना बाजूला घेतलं. "त्याला आता पास द्यायचा नाही. मुद्दाम घालवील."

मग काय, दहा जण खेळले आणि अकरावा नुसता उभा. नदीपल्याडच्यांनी गोल फेडला. दोन मिनिटं उरली. चेंडू कप्तानाकडे, आणि गडी गोलसमोर एकटा, आसपास कुणी नाही.

"दादा, द्या! अहो, द्या ना!" गडी ओरडला.

कप्तानाने त्याच्याकडे पाहिलं आणि लांबूनच स्वतः लाथ हाणली. चेंडू थेट त्यांच्या गोलकीपरच्या हातात. त्याने तो पुढे भिरकावला, त्यांचे दोघे धावले, आणि गोल झाला. ढाल नदीपल्याड गेली.

कप्तान गड्यावरच धावून गेला. "हात कशाला जोडले होतेस रे?"

गडी बुटाची नाडी सोडत होता. म्हणाला, "दोन वर्षं त्यांचं अन्न खाल्लंय. जिथं जेवलो त्या गावावर गोल मारला की नाचायचं नाही, ही आम्हा खेळणाऱ्यांची रीत. गोलच मारायचा नाही, अशी रीत नाही. मारला की नाही मी?"

कप्तान दोन पावलं मागे सरला.

"पुढल्या वर्षी तुमच्यावर मारीन," गडी उठत म्हणाला. "आणि तेव्हा नाचणार."

पुढल्या वर्षी तो नवव्या गावाकडून आला. तीन गोल मारले, आणि तिन्ही वेळा मनसोक्त नाचला.

तात्पर्य एवढंच: संशय घ्यायचा तर माणूस आणायच्या आधी घ्यावा. एकदा आपला सदरा त्याच्या अंगात घातला, की चेंडू त्याला द्यावा.